बाजाराच्या दिवशीचं पान

आत्याचा पहिला नियम असा होता की पान ओढायच्या आधी कुणाशी बोलायचं नाही. उठायचं, सडा टाकायचा, अंघोळ करायची, वेणी घालायची, आणि हे सगळं तोंड मिटून. माझ्यासारखीला ही शिक्षाच होती, कारण मी झोपेतही बोलते असं माय म्हणायची. पण त्या हिवाळ्यात मला बोलावंसं वाटतच नव्हतं, त्यामुळे निदान तो एक नियम मला पहिल्याच दिवशी जमला.

पान म्हणजे पत्त्यांतलं पान. परवा माझ्या भावाची नात सुटीत आली, तिच्या पर्समध्ये चित्रांच्या पत्त्यांचा एक मोठा, गुळगुळीत जोड होता. त्याला टॅरो म्हणतात, आणि नवशिक्यानं रोज सकाळी एकच पान काढून दिवसभर त्याच्यावर विचार करायचा असतो, असं तिनं मला अगदी सावकाश, म्हातारीला समजेल अशा बेतानं सांगितलं. मी ऐकून घेतलं. तिची आईसुद्धा जन्मली नव्हती तेव्हा मी हेच करत होते, वडनेर भोलजीत, कणगीच्या मागे पोत्यावर बसून, हे तिला सांगितलं असतं तर ती हसली असती. म्हणून तिला सांगितलं नाही, इथे लिहिते आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि माझं लग्नही नवंच होतं. आम्ही घाटाखालचे. आमच्या जिल्ह्यात माणूस कुठला हे गावाच्या नावाआधी यावरूनच ठरतं, घाटावरचा की घाटाखालचा. घाटाखाली काळी जमीन, कापूस, डोकं तापवणारं ऊन आणि 'मले-तुले'. घाटावर हवा जरा थंड, बोली जालन्याकडे झुकलेली, आणि माणसं आमच्या मते आखडू. त्यांच्या मते आम्ही तोंडाळ. मला दिलं ते दुसरबीडला, पार घाटावर, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. एवढ्या लांब कायले, असं माय म्हणत राहिली. पण बाबांनी पोरगा पाहिला होता, आणि पोरगा पाहण्यासारखाच होता.

उंच, सावळा, आणि बोलायला अगदी कंजूष. दुपारी मी शेतात भाकर घेऊन जायची तेव्हा तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून जेवायचा आणि म्हणायचा, तिकडचं काहीतरी सांग की. मला काय, तेवढंच हवं होतं. मी त्याला आमच्या बाजाराचं सांगायची. बाजाराच्या दिवशी मी आणि आत्या दोघी जायचो, मला कळायला लागल्यापासून एकही बाजार आम्ही चुकवला नव्हता. सगळी खरेदी झाली की आत्या हॉटेलातून भजी घ्यायची आणि आम्ही दोघी हॉटेलाच्या मागे, लोकांकडे पाठ करून ती खायचो, कारण बाईमाणसानं बाजारात उभ्यानं खाणं शोभत नव्हतं. आत्या कशी दिसते तेही मी त्याला करून दाखवायची. ठेंगणी, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, कमरेला तंबाखूची पितळी डबी, डोक्यावर तिच्याहून मोठं टोपलं, आणि भाव करायला लागली की अर्धा बाजार गप्प. तो हसून हसून भाकर खाली ठेवायचा. एकदा पाहिलीच पाहिजे तुझी आत्या, म्हणायचा.

त्यानं तिला पाहिलेलं नव्हतं, आणि तिनंही त्याला. कारण आत्या टाकलेली होती. तिच्या नवऱ्यानं तिला तरुणपणीच माहेरी आणून सोडलं आणि दुसरी केली. तो जिवंत होता म्हणून आत्या कुंकू लावायची, पण मांडवात अशी बाई पुढे आलेली चालत नाही. माझ्या लग्नात ती मागच्या अंगणात चुलीपाशी होती. नवरदेव तिला दिसला तो लांबून, बाशिंगाच्या आणि मुंडावळ्यांच्या आडून. मांडव परतणीला जावई घरी आला तेव्हा तर तिला नांदुऱ्याला एका नात्यातल्या घरी धाडून दिलं होतं. तिनं याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही, किंवा घेतलं असेल तर तंबाखूबरोबर गालात दाबून ठेवलं.

पहिल्या दिवाळीला माझा भाऊ मुराळी म्हणून मला आणायला आला. नवरा आम्हाला मोटारीपर्यंत सोडायला आला होता. भाऊ ट्रंक वर चढवत होता तेवढ्यात तो म्हणाला, लवकर ये. मी म्हटलं, "न्यायला या, म्हणजे येते." तो हसला. माझं निम्मं बोलणं त्याला थट्टाच वाटायचं.

ती थट्टा नव्हती. आमच्याकडे रीतच तशी होती. पहिल्या दिवाळीला मुलगी माहेरी येते, आणि मग सासरचं कुणीतरी तिला न्यायला येतं. दीर येतो, सासरा येतो, नवरा स्वतः आला तर त्याची थट्टा होते पण पोरीची मान उंच होते. मायनं भाऊबीज झाल्याबरोबर शिदोरीची तयारी सुरू केली. अनारसे डब्यात भरले. डबा फडताळात ठेवला.

कार्तिक गेला. कापूस घरी आला, ओसरीत पांढरा ढीग लागला, विकूनही झाला. कुणी आलं नाही. बाबांनी खुशालीचं कार्ड टाकलं. तिकडूनही खुशालीचं कार्ड आलं, सगळे मजेत आहेत, तुम्हीही असाल. बस. न्यायला कधी येता हे बाबांनी विचारलं नव्हतं, कारण विचारणं म्हणजे पोरगी जड झाली हे कबूल करणं. तिकडूनही एका शब्दानं काही लिहिलेलं नव्हतं. माय एकदा जेवताना भीत भीत म्हणाली, आपणच पोचवून द्यावं का. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"पोरगी काय उकिरड्यावर सापडली मले? त्याईले गरज असन तं येतीन."

एवढं बोलून ते उठले. त्या दिवसानंतर घरात तो विषय निघाला नाही. अनारशांना मुंग्या लागल्या तेव्हा मायनं ते गुपचूप गाईला घातले.

गावातल्या बाया मात्र गुपचूप नव्हत्या. नदीवर, पीठगिरणीत, देवळात, जिथं जाईन तिथं, "काऊन व, अजून इथीच?" विचारणारीच्या चेहऱ्यावर काळजी असायची आणि डोळ्यांत मजा. मी पहिल्यांदा उत्तरं दिली, येणार आहेत, कामं चालू आहेत. मग उत्तरं संपली. मग मी घराबाहेर पडायचं कमी केलं. आत्याबरोबर बाजाराला तेवढी जायची, कारण आत्याच्या शेजारी चालताना मला विचारायची कुणाची छाती नव्हती.

अशाच एका सकाळी आत्यानं मला खुणेनं आत बोलावलं. आमच्या मागच्या खोलीत ज्वारीची कणगी होती आणि तिच्या नि भिंतीच्या मधे एक माणूस कसाबसा बसेल एवढी जागा. त्या जागेत आत्या रोज सकाळी थोडा वेळ नाहीशी व्हायची. आम्हाला वाटायचं, तंबाखू. तिथं तिनं लुगड्याच्या चिंधीत बांधलेली पुरचुंडी सोडली, आणि आत पत्ते निघाले. मी थक्कच झाले. आमच्या घरात पत्ते म्हणजे जुगार, आणि जुगार म्हणजे घरदार बुडणं. हा जोड माझ्या काकांचा होता. आजोबांनी तो कधी काळी काठी आपटत उकिरड्यावर फेकला होता आणि आत्यानं शेण टाकायला गेल्यावर तो उचलून आणला होता. पानं मऊ झालेली, कडा काळ्या पडलेल्या, बदाम आणि चौकट एकाच तपकिरी रंगाचे. किलवरची सत्ती उकिरड्यातच राहिली होती. ते पान कधी येतच नाही, तेव्हा त्याचं जे काय उत्तर असेल ते आपल्या नशिबातच नाही, असं आत्या म्हणायची, आणि त्यात तिला काही विशेष वाटत नसे.

मग बाकीचे नियम. डावा हात. एकच प्रश्न, मनातल्या मनात. एकच पान, आवडलं नाही म्हणून दुसरं ओढायचं नाही. पान आजच्या दिवसाचं, उद्याचं विचारायचं नाही. आणि प्रश्न दुसरा काय करेल याचा असावा, आपण काय करावं याचा नाही.

"काऊन?" मी विचारलं.

"आपुन काय करावं हे पत्त्याले काय समजते? आपल्याले तरी कुठी समजते?"

बदाम म्हणजे मन आणि माया. चौकट म्हणजे निरोप, पाहुणे, गावाहून येणारं काहीही. किलवर म्हणजे काम. इस्पिक म्हणजे आज गप राहायचं. एक्का मोठा, दुर्री बारीक, दश्शीला माणसं जास्त. हे तिला कुठल्याशा जत्रेत एका बाईनं शिकवलं होतं म्हणे. त्यातलं निम्मं तिचं स्वतःचं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. इस्पिकचा गुलाम आला की भाऊ रागावतो, असं ती सांगायची, आणि तिचा भाऊ म्हणजे माझे बाबा. ते तर कोणतंही पान आलं तरी रागवायचे.

पहिले काही दिवस मी सगळे नियम मोडले. मी एका दमात तीन प्रश्न विचारायची, येतील का, कधी येतील, तोच येईल का. इस्पिक आलं की पान परत खुपसून दुसरं ओढायची, आणि आत्या माझ्या हातावर चापट मारायची. चौकटची दश्शी आली त्या दिवशी मी दर मोटारीच्या आवाजाला ओसरीत धावले, आणि संध्याकाळी कोण आलं तर बाबांचा एक जुना मित्र, म्हैस विकायला. आत्या म्हणाली, पाहुणा आला का नाही? पान खोटं बोललं का? मी तिच्याशी दुसरा सबंध दिवस बोलले नाही.

पण हळूहळू हात बसला. मी एकच प्रश्न विचारायला शिकले: आज न्यायला येतील का. रोज तोच. पान पाहून झालं की ते मनात ठेवून दिवसभर काम करायचं, आणि दिवसात ते पान कुठं दिसतं ते बघायचं. किलवर आलं तर काम करताना हात आपोआप नीट चालायचा. बदामची पंजी आली त्या दिवशी मायनं मला जवळ घेऊन केसांना तेल लावलं, खूप दिवसांनी. आज मी म्हणेन की मायला पत्त्यांची गरज नव्हती, तिनं तेल लावलंच असतं. पण तेव्हा त्या पानांनी मला एक मोठी गोष्ट दिली, सकाळी उठायला कारण दिलं. ते नसतं तर मी अंथरुणातच पडून राहिले असते, हे मला आजही खरं वाटतं.

सगळ्या पानांत बदाम राजाची गोष्ट वेगळी होती. ज्याची वाट पाहतो तो पाऊल उचलतो, असा आत्यानं त्याचा अर्थ सांगितला होता. तो आला की आणखी काही विचारायचं नाही, कारण विचारायला उरतच नाही. सबंध हिवाळाभर तो एकदाही आला नाही. मला तर शंका यायला लागली होती की किलवरच्या सत्तीबरोबर तोही उकिरड्यातच राहिला की काय.

संक्रांत होऊन गेल्यावर एका बाजाराच्या दिवशी तो आला.

मी पान उलटं केलं. आत्यानं पाहिलं आणि एकदम व्यवहारी झाली. टोपलं काढ, म्हणाली, भाव चढायच्या आत जाऊ. मी म्हटलं, मी येत नाही. ते येतील आणि मी बाजारात, असं कसं. दार उघडायला मी पाहिजे. आत्या म्हणाली, घरी माय आहे, बाजार चार हाकांवर आहे, बोलावणं येईल. तिनं दोनदा म्हटलं. मी ऐकलं नाही. लग्नात मिळालेलं हिरवं लुगडं मी नेसले, खांद्यावरून पदर घेतला, आणि ओसरीत दाराजवळ बसले. माझ्या मायला पत्त्यांचं काही माहीत नव्हतं. तिनं मला पाहिलं, आत गेली आणि पुरण शिजत टाकलं.

आयुष्यात मी एवढं सुख कधी भोगलं नाही जेवढं त्या दिवशी दुपारपर्यंत भोगलं. हे लिहिताना माझा मलाच राग येतो, पण ते खरं आहे. दर आवाजाला वाटायचं, आला. तो आत येईल, बाबा आवाज न चढवता या म्हणतील, तो खाली मान घालून बसेल आणि माझ्याकडे पाहणार नाही, आणि मी आतून पाण्याचा तांब्या नेईन. तो तांब्या मी घासून ठेवला होता.

दुपार कलली. ऊन ओसरीतून उतरलं. गावाबाहेरून बाजाराला आलेल्या बैलगाड्या परत निघाल्या, त्यांच्या घुंगरांचा आवाज आमच्या गल्लीच्या तोंडावरून जात राहिला, एकही गाडी आत वळली नाही. दिवे लावायच्या वेळेला आत्या आली. मी तशीच बसलेली तिनं पाहिली. टोपलं उतरवलं, आणि मला हसवायला म्हणून बाजाराचं सांगत बसली. वांगी महाग, मिरची ओली, कापडवाला लबाड. आणि आज टोपलं इतकं जड झालं होतं की उचलताना कंबर धरली, पण हॉटेलाच्या बाकड्यावर एक परकं पोरगं बसलं होतं, ते उठून आलं आणि त्यानं टोपलं उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं. लय सभ्य पोरगं. काही तरी विचारायचं होतं त्याले असं वाटलं, थांबलं थोडं, पण विचारलं नाही बाप्पा. मी हूं हूं म्हणत होते, ऐकत नव्हते. रात्री आम्ही सगळ्यांनी पुरणपोळी खाल्ली, आणि कशाची पुरणपोळी हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कणगीच्या मागे गेले नाही. आत्यानं दोनदा बोलावलं, मग सोडून दिलं.

उन्हाळ्यात बातमी आली. नात्यातल्या एका लग्नाहून बाबा परत आले आणि ओसरीतच बसून राहिले, पागोटंही उतरवलं नाही. तिकडे पोराचं दुसरं लग्न लागलं होतं. त्यांचं म्हणणं असं की आम्ही पोरगी पाठवलीच नाही, आता काय आयुष्यभर वाट पाहायची. बाबा ओरडले, पाठवायची आम्ही? न्यायचं नाही त्यांनी, आणि पाठवायची आम्ही? मग त्यांचा आवाज बसला. माय आत भिंतीला डोकं टेकून रडत होती. मी रडले नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की बातमी ऐकून जमलेले हे सगळे लोक माझ्या अंगणातून उठून जावेत. कायद्यानं आता दुसरी बायको करता येत नाही, कोर्टात जाऊ, असं कुणीतरी म्हणालं. बाबांनी हात झटकला. कोर्टात जाऊन माणूस आणता येत नाही, आणि मान तर गेलाच होता.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण ते बरं झालं, आणि बरं झालेलं लांबवायची मला सवय नाही. मी सातवी शिकलेली होते. शाळेच्या मास्तरांनी बाबांना पुन्हा पुन्हा सांगून मला ट्रेनिंगला पाठवायला लावलं, आणि मी मास्तरीण झाले. संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात नेमणूक मिळाली. एकटी बाई परगावी कशी राहील हा प्रश्न निघाला तेव्हा आत्या उठली, टोपलं घेतलं आणि म्हणाली, मी जातो तिच्यासंग. आम्ही दोघी टाकलेल्या बाया मग तिथं एका घरात राहिलो, आणि खोटं कशाला सांगू, मजेत राहिलो. तिच्या पुरचुंडीत पत्ते होते. काही वर्षांनी एका सकाळी मी आपोआप तिच्या शेजारी जाऊन बसले, डाव्या हातानं पान ओढलं. आता विचारायला काही नव्हतं, तर मी विचारायची, आज शाळेत साहेब येईल का. आत्या काय विचारते हे मी एकदा विचारलं. जेवाले काही गोड भेटन का, म्हणाली. पण ती पान बघून आधी माझ्याकडे बघायची, त्यावरून तिचा प्रश्न कुणाबद्दल असतो ते मला कळायचं.

त्या टोपलं उचलून देणाऱ्या पोराचं ती अधूनमधून काढायची. बाजारात कुणी धक्का दिला, मोटारीत कुणी जागा दिली नाही, की हमखास, वडनेरच्या बाजारातलं ते पोरगं पाह्य कसं होतं. तिच्या आयुष्यात पुरुषांनी तिच्यासाठी फार काही उचललं नव्हतं, म्हणून ते तिच्या लक्षात राहिलं असावं. मी दर वेळी हूं म्हणायची.

मग पुष्कळ वर्षांनी एकदा खामगावला शाळेच्या कामासाठी गेले होते. मोटारस्टँडवर बाकावर बसले होते, आणि शेजारची एक बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. अंगानं भरलेली, कडेवर नातवंड. मला ओळख पटेना. तीच म्हणाली, "वैनी?"

ती माझी धाकटी नणंद होती. मी पाहिली तेव्हा परकराची होती. मला उठून जावंसं वाटलं, पण तिनं माझा हात घट्ट धरला होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"वैनी, तुमी का आला नाही वं?" ती म्हणाली. "आमी किती वाट बघितली."

मी म्हटलं, न्यायला कुणी आलंच नाही तर येणार कशी.

मग हळूहळू तिनं सांगितलं. घाटावर त्यांच्याकडे सासरचं माणूस न्यायला जात नसतं. पहिल्या दिवाळीनंतर माहेरचेच पोरीला शिदोरीसकट आणून घालतात. सासरकडून न्यायला जाणं म्हणजे पोरीच्या बापानं नीट पाठवणी केली नाही असा बोभाटा करणं, त्याचा अपमान. सासूबाई संक्रांतीपर्यंत रोज उंबऱ्यात पाय धुवायला पाणी भरून ठेवायच्या, आज येतील, उद्या येतील. दोन्ही घरांनी एकमेकांचा मान राखला होता, आणि त्या मानात मी मेले होते. हसू येण्यासारखी गोष्ट आहे. कुणाला येत असेल तर त्यानं हसावं.

मला वाटलं हे एवढंच. पण तिचा हात सुटला नाही.

"दादा तुमच्या बाजाराला येऊन गेला, वैनी. संक्रांतीनंतर. घरी म्हणला, बैल बघायला चाललो. बिनबोलावता सासऱ्याच्या घरी कसं जावं, म्हणून बाजारात बसला. तुमी एकबी बाजार चुकवत नाही, हे तुमीच सांगितलं होतं ना त्याला. दिवसभर हाटेलाच्या बाकड्यावर बसून राहिला. तुमी आल्याच नाहीत."

स्टँडवर कुठलीशी मोटार लागत होती, कंडक्टर ओरडत होता. तिनं आवाज वाढवला.

"तुमची आत्या दिसली त्याला. हनुवटीच्या गोंदणावरून वळखलं. त्यांचं टोपलं उचलून दिलं. त्याला वाटलं, बोलतील. त्या बोलल्या नाहीत. मग त्यानं समजून घेतलं."

हे त्यानं एकदाच सांगितलं, फक्त तिला, दुसऱ्या लग्नाची हळद लागत होती तेव्हा. नंतर कधी त्यानं माझं नाव काढलं नाही. मुलंबाळं आहेत, शेती आहे, बरं चाललंय. मी विचारलं, बोलतो का आता जास्त? ती म्हणाली, नाही, आता तर अजूनच कमी.

परतीच्या मोटारीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. इतक्या वर्षांत रडले नव्हते तेवढं सगळं. मी त्याच्यावर प्रेम करत होते, हे मी त्या दिवसापर्यंत स्वतःलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. त्यानं समजून घेतलं, म्हणे. काय समजून घेतलं? मी हिरवं लुगडं नेसून दारात बसले होते आणि तो चार हाकांवर बाकड्यावर बसला होता. त्या बाकड्यावरून आमची गल्ली दिसते. दार दिसत नाही, मधे पारावरचा लिंब येतो. आणि पान खोटं नव्हतं. त्यानं पाऊल उचललं होतं. पान खरं होतं म्हणूनच मी घरी राहिले. आलं असतं त्या दिवशी इस्पिक, तर तोंड पाडून मी आत्याच्या मागे बाजारात गेले असते.

घरी पोचले तर आत्या ओट्यावर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होती. डोळे अधू झाले होते, खड्यांबरोबर डाळही फेकत होती. आमच्याकडचाही त्या दिवशी बाजार होता आणि ती एकटीच जाऊन आली होती. इतका उशीर काऊन, विचारलं. मोटार, म्हटलं. मी पायरीवर बसले. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण तिला आता चेहरे नीट दिसत नव्हते. मग ती आपल्या तक्रारीला लागली. आजकाल कोणी कोणाच्या टोपल्याले हात लावत नाही, म्हातारी बाई कुंथत उभी असली तरी बाजूनं निघून जातात.

सांगावं, असं एकदा पार ओठांवर आलं. तिला हक्क होता. पण मला दिसत होतं पुढं काय होईल. तिला मांडवात येऊ दिलं नाही, परतणीला नांदुऱ्याला धाडून दिलं, जावयाचा चेहरा तिला कुणी दाखवलाच नाही, आणि तरी चूक तिनं स्वतःचीच मानली असती. उरलेले दिवस तिनं तेच चघळलं असतं, आणि तिच्याजवळ एक चांगला माणूस होता तोही गेला असता. मी तोंड मिटलं.

"वडनेरच्या बाजारातलं ते पोरगं आठवते का तुले?" ती म्हणाली. "मी सांगतलं होतं ना? मले नेहमी वाटते पोरी, तसा नवरा तुले भेटाले पायजे होता."

"हाव आत्या," मी म्हटलं. "भेटाले पायजे होता."

आणि तिच्या मांडीवरचं सूप घेऊन मी डाळ निवडायला बसले.